एका हातानं उघडणारा चाकू

सावित्रीबाईंनी पिशवीतून ओला दोर काढला आणि वीरण्णाच्या काउंटरवर ठेवला. पाणी काचेवरून ओघळत बिलबुकाकडं निघालं, तसं वीरण्णानं बिलबुक उचलून छातीशी धरलं.

"अक्का, दुकान धुवायला आलाव काय?"

"चाकू बघायचाय. खिशात मावणारा. हिच्यासाठी."

ही म्हणजे त्यांची लेक पंचशीला. भूगर्भशास्त्र शिकून ती विहिरींचं पाणी मोजणाऱ्या एका संस्थेत लागली होती. बसवकल्याण तालुक्यातल्या विहिरींत पातळी नोंदवणारी लहान यंत्रं सोडलेली होती. जीपनं फिरून, वरच्या डबीला केबल जोडून त्यातले आकडे उतरवून घ्यायचे, हे तिचं काम. गोण्या फाडायला, वायरी सोलायला, सुतळ्या कापायला चाकू रोजच लागायचा, आणि तो ती जीप चालवणाऱ्या शिवकुमारकडून मागून घ्यायची. आता मात्र स्वतःचा हवा होता. मंठाळला किशनरावांच्या विहिरीत यंत्राची केबल एका जुन्या दोरात अडकली होती आणि ती सोडवायला पंचशीला परवा आत उतरणार होती. त्याच विहिरीत, तिचं शिक्षण चालू असताना, तिचा थोरला भाऊ धम्मानंद बुडाला होता.

वीरण्णानं पहिला चाकू पुढं केला. पितळी मुठीचा, देखणा. पात्यावर नख घालून ओढायची खाच होती. सावित्रीबाईंनी तो उघडून बघितलासुद्धा नाही.

"खाचेचा नगं."

"अक्का, समदे ह्योच नेतात."

"समदे नेतात. माझ्या लेकानंबी नेलता."

वीरण्णानं चाकू मागं घेतला. गावोगाव ठाऊक असलेली गोष्ट होती ती. धम्मानंद विहिरीतल्या बिघडलेल्या मोटारी काढून द्यायचा. त्या दिवशी दुपारी बाराला तो उतरला, कठड्यावरची मोटार घसरली, आणि दोराचा वेढा त्याला घेऊनच खाली गेला. दिवस मावळताना त्याला बाहेर काढलं तेव्हा डावा हात दोराखाली अंगाशी आवळलेला होता. उजव्या मुठीत चाकू होता. मिटलेला. पितळी मुठीवर दातांच्या खुणा होत्या.

म्हणून घरातून निघतानाच सावित्रीबाईंनी लेकीला सांगितलं होतं, "उतरू नको म्हणणार न्हाई. पण चाकू मी निवडणार."

दुसऱ्या चाकूला अंगठ्यानं ढकलायचं बटण होतं. पंचशीलानं तो उघडला, पातं दोन बोटांत धरून इकडंतिकडं हलवलं. पातं किंचित डुललं. तिनं काउंटरवर त्याची पाठ दाबली, तसा खटका सुटला आणि पातं अर्धवट मिटलं.

"ह्यो दोर कापायच्या आधी बोट कापतोय," ती म्हणाली.

"तुम्ही दोघी चाकू बघायलाव का जावई?" वीरण्णा वैतागला.

"जावई वंगाळ निघाला तर लेक घरी येती, वीरण्णा," सावित्रीबाई म्हणाल्या. "चाकू वंगाळ निघाला तर येत न्हाई."

मग वीरण्णानं आतल्या कपाटातून तिसरा काढला. स्टेनलेसचं पातं, बोटभर लांबीचं, टोकाकडं सपाट धार आणि मुठीकडं करवतीसारखे दाते. मूठ काळी, खरखरीत, दोरी ओवायला भोक. पंचशीलानं तळहाताला तेल मागून घेतलं, वरून पाणी ओतलं, आणि नुसत्या डाव्या अंगठ्यानं बटण ढकललं. खट्. पातं हललं नाही, खटका सुटला नाही. नायलॉनचा ओला दोर दात्यांवर धरून तिनं ओढला. चौथ्या ओढीला तुटला. उजव्या हातानं तिसऱ्यालाच.

सावित्रीबाईंनी चाकू मागून घेतला, डोळे मिटले, आणि पदराखाली एका हातानं उघडून बघितला. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. दुकानात आलेलं गिऱ्हाईक बघत उभं राहिलं.

"बांधून द्या," त्या म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये पंचशीला खिडकीकडं तोंड करून बसली. एक गोष्ट तिनं आईला सांगितली नव्हती, आणि ती सांगण्यासारखीही नव्हती.

किशनरावांच्या विहिरीत रोज भर दुपारी बाराला पाणी दोन मिलिमीटर चढायचं आणि दिवस मावळताना तेवढंच उतरायचं. हळूहळू नाही, एकदम. पायरीसारखं.

आधी तिला मोटारीचा संशय आला, पण तिथली मोटार बंदच होती. शेजारची बोअर चालू-बंद करून बघितली, फरक नाही. हवेचा दाब वजा केला, उन्हानं यंत्र तापतं का ते तपासलं, शेवटी यंत्रच बदललं. पायरी तशीच. आजूबाजूच्या विहिरींत असल्या पायरीचा मागमूस नव्हता. मग एका दुपारी, कागदावर सहज म्हणून, तिनं उलटं गणित मांडलं. वीस फूट रुंदीच्या विहिरीत दोन मिलिमीटर पाणी चढायला काय बुडावं लागेल? उत्तर आलं साठ लिटर. साठ किलोचा माणूस.

धम्मानंद साठ किलोचा होता. तिनं तो कागद चुलीत घातला.

सांगणार कुणाला? किशनराव भला माणूस, पण तो पहिल्या वर्षीच हात जोडून म्हणाला होता, "सावित्रीबाई, विहिरीवर काहीतरी उतारा करून घेऊ. गडी पाण्याला जायला भितात." तेव्हा आईनं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "आम्ही असलं काही करत न्हाई. माझं लेकरू भूत झालं न्हाई, किशनराव. मेलंय." पंचशीलाला तेव्हा आईचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटत होता. भूत नसतं, हे तिला आईइतकंच पक्कं ठाऊक होतं. फक्त दोन मिलिमीटर होते.

ऑफिसातले सर म्हणाले होते, केबल तुटली तर तुटू दे, नवी टाकू. तिनंच हट्ट धरला. पट्टा, हेल्मेट, वर ओढायला तीन माणसं, सगळं मान्य केलं. तो जुना दोर धम्मानंदचाच होता. माणसांनी त्या दिवशी वेढा सैल करून त्याला सोडवला, पण दोर तसाच राहिला. एक टोक गाळात रुतलेल्या मोटारीला, दुसरं भिंतीच्या कपारीत. तो कुणी कापलाच नव्हता. तिला तो कापायचा होता.

मंठाळला जीप पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. किशनराव बांधावर उभा होता, डोक्यावर टॉवेल.

"पोरी, बाराच्या टायमाला कामून उतरायलीस? तासभर थांब की."

"बारालाच उतरायचंय, काका."

वेळ तिनं मुद्दाम निवडली होती. ज्या वेळी गोष्ट घडते त्या वेळी तिथं नसलं, तर बघणार काय? चाकू तिनं मनगटाला दोरीनं बांधला होता.

शिवकुमारनं पट्टा आवळला. "मॅडम, चाकू लग्नातल्या कंकणासारखा बांधलाव."

"तू दोराकडं बघ. कंकणाकडं बघायला माय हाय माझी."

खालच्या पायऱ्या पडलेल्या होत्या, त्यामुळं शेवटचे दहा फूट तिला पट्ट्याच्या दोरानं खाली सोडावं लागलं. पाणी छातीला लागलं आणि श्वास अडकला. वरती ऊन होतं, खाली हिरवट अंधार. कबुतरं भिंतीतून फडफडत वर गेली, मग काहीच आवाज राहिला नाही. केबलला हात लावून ती चाचपत गेली. निळा दोर सापडला. शेवाळानं बुळबुळीत, पण आतून अजून धड. केबल त्याच्यात दोन वेढे अडकली होती.

तेवढ्यात भिंतीवरची पाण्याची रेघ सरकली.

दोन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण शेवाळाचा एक कोरडा ठिपका तिनं मघाशी हेरून ठेवला होता, आणि तो आता ओला होता.

श्वास भरून ती खाली गेली. वेढा सैल करायला डावा हात दोराखाली घातला, आणि खाली गाळात मोटार कलली. दोर ताणला. हात तिच्याच अंगाशी आवळला गेला. ओढून निघेना. वरच्यांना खूण करायची दोरी डाव्याच हाताशी होती.

आता उजवा हात. तेवढाच.

घाई करू नको, हे तिनं स्वतःला सांगितलं की कुणी सांगितलं, ते तिला पुढंही नीट सांगता आलं नसतं. अंगठ्याला बटण लागलं. खट्. पाण्याखाली तो आवाज केवढा मोठा झाला. दात्यांवर दोर धरून तिनं ओढलं. एक. दोन. छाती फुटायला आली होती. तिसऱ्या ओढीला दोर तुटला, खालचं टोक अंधारात निघून गेलं, हात मोकळा झाला. आणि तिच्या उजव्या बाजूनं पाणी हललं, शेजारून कुणीतरी वर गेल्यावर हलतं तसं.

ती वर आली, खोकली, दोरी ओढली.

"ओढा!" शिवकुमारचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता धापांचा. दोर वर येत होता, पण हाताहातानं. कठड्याशी पोचल्यावर तिघंही घामानं निथळत होते.

"मॅडम, सकाळी काय खाल्लाव?" शिवकुमार तळहात चोळत म्हणाला. "उतरवताना फुलासारख्या व्हता. वर येताना दोन माणसांचं वजन."

किशनरावनं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

ओल्या कपड्यांनीच पंचशीला डबीपाशी बसली आणि केबल लॅपटॉपला जोडली. दोर सुटताना यंत्र वीतभर खाली घसरलं होतं. ती मोठी पायरी तिनं बाजूला ठेवली. बाकीच्या तीन उरल्या. ती पाण्यात उतरली तेव्हाची, दीड मिलिमीटर. तिचं वजन पंचेचाळीस किलो, बरोबर होतं. मग बाराची, नेहमीची, दोन मिलिमीटर. आणि तिला वर ओढलं त्या क्षणाची, खाली येणारी.

साडेतीन.

तिनं आकडा पुन्हा बघितला. मग दिवस मावळेपर्यंत ती विहिरीवरच बसून राहिली. शिवकुमार दोनदा चला म्हणाला. रोज ज्या वेळी पाणी उतरायचं ती वेळ आली, गेली. लॅपटॉपवरची रेघ सरळच राहिली. उतरायला आत काही उरलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सावित्रीबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी लेकीचा डावा हात हातात घेतला, दोराचा लाल वळ बघितला, त्यावरून अंगठा फिरवला.

"चाकू उघडला?"

"उघडला, माय. एका हातानं."

"कापला दोर?"

"कापला."

सावित्रीबाईंनी मान हलवली. पंचशीला आत आली आणि सवयीनं दार लावायला वळली.

"राहू दे," सावित्रीबाई तिच्या खांद्यावरून बाहेर अंगणात बघत म्हणाल्या. "लगीच लावू नको. राहू दे जरा उघडं."