पाहुण्यांच्या खुर्चीने ऐकलेली विक्री

मित्रांनो, सांगलीच्या एका कारखान्यात घडलेली मी साधी पत्र्याची घडीची खुर्ची आहे. आता एका पायाने लंगडी झाले आहे, रंगही केव्हाच उडाला. तरुणपणी मात्र उंब्रजला नाथाजींच्या किराणा दुकानात माझा थाट होता. आल्या पाहुण्याला माझ्यावर बसवत आणि चहा सांगत.

त्यामुळे मी पुष्कळ ऐकले. सोयरीक जुळवायला कोणी आले की नाथाजींच्या बोलण्यात विक्री दुप्पट व्हायची. मंडळाची पोरे वर्गणी मागायला आली की तीच विक्री निम्म्यावर यायची. करखात्याचा माणूस टेकला, तर दुकान चालते हेच नवल! मला गंमत वाटायची. दुकान तेच, फळ्यांवरचे डबेही तेच.

१९९६ साली साताऱ्याच्या एका सहकारी भांडाराने क्रांती नावाची मुलगी पाहणीला पाठवली. उंब्रजला घाऊक मालाचे गोदाम काढावे का, हे ठरायचे होते. निवडक दुकानांची विक्री विचारायची आणि त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधायचा, असे तिचे काम.

"काका, कराचा यात काही संबंध नाही. खरा आकडा सांगा," ती अजिजीने म्हणाली.

पिशवीत कराचेच कागद असणार या संशयाने नाथाजींची नजर तिच्या पिशवीवरून हलेना. "कसली इक्री, ताई! दिसाला पाचशेबी हुत न्हाई."

इतर दुकानदारांनीही असेच कमी आकडे सांगितले. गावाची उलाढाल कागदावर एवढीशी दिसली आणि गोदाम दुसऱ्या गावाला गेले.

बातमी आली तेव्हा नाथाजींच्या पत्नी चंद्राबाई कराडहून माल घेऊन नुकत्याच एसटीतून उतरल्या होत्या. नाथाजी गल्ला सांभाळत, माल आणायला त्या जात. गुडघे सुजलेले असत. गोदाम झाले असते, तर माल गावातच मिळाला असता. आजवर माझ्यावर न बसलेल्या चंद्राबाई त्या दिवशी बसल्या.

"आवं, आता मला सांगा. दिसाची इक्री किती?"

नाथाजी खाली बघत म्हणाले, "दीड हजार."

"मग त्या पोरीला सांगाया काय झालं हुतं? वज्जं तर मी वाहते न्हवं?"

मला फार वाईट वाटले. पुढच्या खेपेला कराडच्या गाडीत नाथाजी स्वतः चढले.

मित्रांनो, माझा पाय जोडला नाहीत तरी चालेल. पण कोणी तुमच्या भल्यासाठी विचारायला आले, तर आकडा लपवू नका. तुम्ही लपवलेले तुमच्या घरातलेच कुणीतरी डोक्यावर वाहत असते.