जिंतूरला पोचवायचा कोट

मी एक जुना फौजी कोट आहे. मित्रांनो, मी देशाची सीमा राखली आहे. निदान राणीसावरगावच्या शाळेत तसं सांगितलं जातं. खरं म्हणजे लढाई झाली त्या रात्री मी मागच्या तळावर, तापाने फणफणलेल्या एका शिपायाच्या अंगावर पडून होतो.

तो शिपाई राणीसावरगावचा भागवत. मी त्याचा नव्हे. माझा मालक जिंतूरचा बन्सीधर. जाड लोकरीचा, पितळी बटणांचा मी नवाकोरा त्याच्याच खांद्यावर आलो होतो. एकाहत्तरच्या डिसेंबरातली थंडी. पहाऱ्यावर जाताना त्याने मला भागवतच्या अंगावर टाकलं आणि भागवतचा कोपरावर फाटलेला कोट स्वतः घातला.

"सकाळी वापस दे बरं का. न्हाईतर गावाकडं येऊन तुझ्या बायकोकडून मागून घेईन."

"आधी लगीन तर हू दे माझं," भागवत कुडकुडत म्हणाला.

सकाळ झाली. बन्सीधर आला नाही.

पुढे भागवत हवालदार झाला, निवृत्त झाला आणि मला घेऊन गावी आला. परभणी जिल्ह्यात लोकरी कोटाला काय काम असतं, हे इथला मे महिना पाहिलेल्यांना सांगायला नको. तरी त्याची बायको पंचफुला दर दिवाळीला मला ऊन दाखवायची आणि खिशांत कडुनिंबाचा पाला भरायची.

सव्वीस जानेवारीला शाळा भागवतला बोलवायची. तो मला घालत नसे. घडी करून डाव्या हातावर घेई आणि उजव्या हाताने झेंड्याला सलाम करी. आपला नसलेला कोट घालायचा कसा, एवढंच कारण. पण हेडमास्तरांना वाटलं, ही फौजेतली रीत असावी. पुढच्या वर्षी सगळी शाळा डाव्या हातावर स्वेटर घेऊन उभी राहिली. ज्यांच्याकडे स्वेटर नव्हते त्यांनी टॉवेल आणले. भागवतने चूक दुरुस्त केली नाही. केली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

दर हिवाळ्यात तो मला पिशवीत घालून जिंतूरला निघायचा. परभणीच्या स्टँडवर जिंतूरची गाडी लागायची, भरायची, सुटायची. आम्ही बाकावरच. मग चहा, आणि परत.

"आलाव का परभणी बघून?" पंचफुला विचारायची. "लय बदललीया म्हणं."

"बन्सीधरच्या मायनं इचारलं, माझं लेकरू थंडीत गेलं का, तर काय सांगू गं?"

यावर पंचफुला भाकरी वाढायची. काही वर्षांनी ती माय वारल्याचं कळलं. मग भागवत म्हणू लागला, बहीण इचारील.

यंदा थंडी सरता सरता भागवत गेला. सरपंच म्हणाले, "फौजी माणूस हाय, कोट घालूनच न्या." गावाने माना डोलावल्या. पंचफुलाने मला छातीशी धरलं.

"ह्यो त्यांचा न्हाई. जन्मभर घातला न्हाई, आता कामून घालता?"

तेरावं झाल्यावर ती मला घेऊन जिंतूरला गेली. बन्सीधरची धाकटी बहीण गीताबाई दारातच बसली होती. सगळं ऐकून ती उठली आणि आतून एक गोधडी घेऊन आली. गोधडीच्या मधोमध माझ्याच रंगाचं कापड होतं, कोपरावर ठिगळ लावलेलं.

"फौजेतून भावाचं सामान आलं, त्यात ह्यो कोट हुता. मायनं गोधडी शिवली. म्हणायची, लेकराच्या अंगावर कोट तर हुता, थंडी न्हाई वाजली त्याला. मरस्तोवर हीच पांघरली."

पंचफुला त्या ठिगळावरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

"तुमच्या मालकानं यायला पायजे हुतं," गीताबाई म्हणाली. "माय लय वाट बघायची. त्याच्या संगतीचं कुणीतरी यील म्हणायची."

आता मी गीताबाईच्या घरी खुंटीला आहे. खिशातल्या पाल्याचा वास अजून येतो, आणि तो आला की मला भागवतच्या डाव्या हातावरची ती घडी हवीशी वाटते. मित्रांनो, कुणाकडे काही पोचवायचं राहिलं असेल तर पोचवून या. काय विचारतील ते तिथे गेल्यावरच कळतं.

परभणीहून जिंतूर एसटीने तासाभराचं आहे.