साक्षीदाराची ओळ

दुष्काळाचं दुसरं वर्ष. तालुक्याच्या त्या कचेरीत सकाळी टँकर आला की माठ भरे आणि अकरा माणसं त्यातलं पाणी पीत. बारावी सिंधुबाई, बौद्ध वस्तीतली, नवरा वारल्यावर त्याच्या जागी शिपाई म्हणून लागलेली. नवे साहेब आल्यापासून माठाला हात लावायची तिला बंदी होती. घरून बाटली आणत जा, एवढंच ते म्हणाले. घरी दोन घागरींत सासू, दोन लेकरं आणि ती. बाटली कुठून भरायची बाई? दुपारी घशाला कोरड पडायची, आणि फायली उचलताना माठावरचं ओलं फडकं तेवढं दिसत राहायचं.

शेवटी तिनं तक्रारअर्ज लिहिला. सातवी शिकलेली, अक्षर मोठं, पण स्वच्छ. कर्मचारी पतसंस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले, माझ्याकडं द्या, बीडला वरच्या साहेबांच्या हातात ठेवतो. तिच्या नोकरीसाठी खेटे घालणारे तेच. नवरा नेहमी सांगायचा, पोच घेतल्याबिगर कागद सोडू नको. पण एवढं केलेल्या माणसाकडं पोच मागायची कशी? लाजली बिचारी, आणि तिथंच फसली.

महिन्यानं साहेबांचं टेबल पुसताना पाण्याच्या पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेला घडीचा कागद तिनं उचलला. अक्षर तिचंच होतं.

तिनं जाब विचारल्यावर सुंदररावांनी मान खाली घातली. "समजून घ्या, सिंधुबाई. संस्थेची निवडणूक हाय. साहेबाला दुखवून कसं भागंल?"

सासूला सांगावं तर ती नोकरीच्या धास्तीनं जेवणार नाही. एवढ्या मोठ्या गावात मन मोकळं करावं असं एक माणूस तिला नव्हतं, याचंच तिला जास्त रडू आलं.

तिनं अर्ज पुन्हा लिहिला, दोन प्रतींत. बीडची प्रत रजिस्टर पोस्टानं धाडायची ठरवली आणि दुसरी घेऊन आवक-जावक बघणाऱ्या विमलबाईंसमोर उभी राहिली.

"पोच द्या."

विमलबाई पाटलाघरची सून. आजवर त्या या बंदीबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज सगळा वाचला, नोंदवहीत नंबर टाकला, शिक्का मारून पोच दिली. मग हळूच म्हणाल्या, "शिक्का माझं काम हाय. पण साक्षीला माझं नाव घालू नका, बाई. मला बी घर हाय."

"न्हाई घालत. ओळ मोकळी ठिवते," सिंधुबाई म्हणाली. पोच पदराच्या गाठीला बांधून ती तशीच तहानलेली पोस्टाकडं निघाली.

अर्जावर 'साक्षीदार' या शब्दापुढची ओळ अजून मोकळी आहे. त्या माठाचं पाणी अकराजण रोज पितात. वाचकहो, अशा एखाद्या माठाचं पाणी तुम्हीही प्यायला असाल. त्या ओळीवर तुमचं नाव लिहाल का?