रामेश्वराची लाल चिठ्ठी

बेंबळीच्या बाजारात त्या दिवशी सगळी गर्दी एका पितळी घागरीभोवती होती. घागरीला झेंडूची माळ, मागं विमानाचं चित्र असलेला फलक, आणि पुढं कपाळभर भंडारा लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. नाव गौरीशंकर. त्याच्या यात्रा कंपनीला म्हणे पंचवीस वर्षं झाली होती आणि त्या आनंदात ती रामेश्वरची पाच दिवसांची सहल फुकट देत होती. जाणं-येणं विमानानं.

"नंबर मी काढत नाही, देव काढतो," तो माइकवर सांगत होता. "चिठ्ठी कोरी आहे. शाई नाही, छपाई नाही. वर भंडारा पडला की देव स्वतः लिहितो. ज्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, त्यानं बॅग भरायची. सुट्टीची सुट्टी, पुण्याचं पुण्य."

मग तो चिठ्ठीवर भंडाऱ्याचं पाणी शिंपडायचा. कागद पिवळा व्हायचा, आणि त्या पिवळ्यात हळूहळू लाल अक्षरं उमटायची: रामेश्वर. गर्दीतून येळकोटाचा घोष उठायचा. ज्यांची चिठ्ठी नुसतीच पिवळी राही, त्यांना एक कॅलेंडर मिळे.

तिसरी लाल चिठ्ठी माझ्या काकूची निघाली. हरणाबाई काकू साठीच्या पुढच्या. काका गेल्यावर साठ मेंढरं एकटीनं सांभाळली. लिहिता-वाचता येत नाही, पण कळपातलं एक कोकरू कमी असलं तर लांबून सांगतील. चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बिरदेवा, काय लिवलंय रं?"

"रामेश्वर, मावशे. निघालीस तू," बिरदेव म्हणाला.

बिरदेव त्यांच्या मयत बहिणीचा मुलगा. चार वर्षांचा असल्यापासून काकूंनीच वाढवलेला. तो मोबाईल उंच धरून लोकांना फोटो दाखवत होता: मागं समुद्र, पुढं हा, डोळ्यांवर काळा चष्मा. "म्या मागल्या महिन्यातच जाऊन आलो. इमानात सरबत बी देत्यात." गौरीशंकरवर विश्वास ठेवावा की नाही, असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं बिरदेवकडं बघून ठरत होतं. तो गावचा होता.

काकू माझ्याकडं वळल्या. "ज्ञाने, जलमभर मेंढरांमागं पायी चालले गं. एकदा वरनं बघीन म्हणते."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, आणि दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. पहिली: चिठ्ठी कुणालाच उचलू देत नव्हते. गौरीशंकर स्वतः घागरीत हात घालून काढायचा. दुसरी: ज्या चिठ्ठ्या लाल व्हायच्या, त्या आधीपासूनच किंचित चुरगळल्यासारख्या दिसत. कागद ओला होऊन वाळला की तसा दिसतो. शिवाय चिठ्ठीआधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेत होते: शेती किती, जनावरं किती, खातं कुठल्या बँकेत. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. मला कॅलेंडर मिळालं. लाल चिठ्ठीवाल्यांत एकही जण रिकाम्या हाताचा नव्हता. पण काकूंचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसले. आधी खात्री करू, मग सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा पोत्यावर नवीकोरी बॅग ठेवलेली होती, दुकानातला कागदही न काढलेली.

"काकू, त्यांनी पैसे मागितले का?"

काकू चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिल्या. "ते बोलायचं नसतंय."

"का?"

"न्हाय म्हणलं ना."

तेवढ्यात बिरदेव आला. मी आतल्या बाजूला होते, त्याला दिसले नाही. "मावशे, त्यांचा फोन आलता. इमानतळाचा कर ऱ्हायलाय. आणखी नऊ हजार लागत्यात."

"आणखी?" मी पुढं आले. "म्हणजे आधी किती?"

बिरदेव दाराकडं सरकला. मग काकू म्हणाल्या, "चोवीस हजार, जागा धरायला. पण ज्ञाने, आता इचारू नगंस. म्या बेलभंडारा उचललाय."

आमच्यात बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. शेताच्या बांधाचं भांडणही त्यावर मिटतं. गौरीशंकरानं कनातीमागं प्रत्येकाकडून तो उचलून घेतला होता: यात्रा होईपर्यंत कुणाजवळ बोलणार नाही, पैसे परत मागणार नाही, तक्रार करणार नाही. कागदावर सही घेतली असती, तर कुणीतरी वाचून घेतली असती. बेलभंडारा कोण वाचून घेणार?

"बरं, नका बोलू," मी म्हणाले. "मला फक्त थोडा भंडारा द्या. आणि धुण्याचा सोडा."

वाटीभर पाण्यात सोडा विरघळवला. काडीला कापूस गुंडाळला, वहीच्या कागदावर काही रेघा ओढल्या आणि कागद चुलीजवळ वाळवला. कोरा दिसत होता, फक्त जरासा चुरगळलेला. काकूंच्या हातात दिला.

"तुमच्या हातानं भंडाऱ्याचं पाणी शिंपडा."

त्यांनी शिंपडलं. पिवळ्या कागदावर एक लाल मेंढरू उभं राहिलं. पाय जरा वाकडे होते.

काकूंनी कागद उजेडाकडं धरला. "शेपूट इसरलीस," त्या म्हणाल्या.

"भंडारा म्हणजे हळद, काकू. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर लुगडं लाल होतं, तसंच. त्यानं घरून सोड्यानं लिहून आणलं होतं. भंडाऱ्यानं काही सांगितलं नाही. जिथं सोडा होता तिथं रंग बदलला, एवढंच."

भिंतीतल्या देवळीत ठेवलेली रामेश्वरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच काढली. मी तिच्यावर लिंबू पिळलं. लाल अक्षरं पिवळ्यात विरून गेली. आंबट लागलं की हळद पुन्हा पिवळी होते. विमान, समुद्र, पाच दिवस, सगळं एका लिंबाच्या फोडीत गेलं. काकूंनी नजर वळवली ती बिरदेवकडं.

"तुला ठावं व्हतं?"

"मावशे, मला काय ठाव असणार? म्या बी फसलो."

"उचल बेलभंडारा."

त्यानं पान घेतलं, वर चिमूटभर भंडारा घेतला. "बिरोबाशपथ, मला कायबी ठाव न्हवतं."

काकूंनी सुस्कारा सोडला. त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं.

"मग तक्रार करू," मी म्हणाले. "पैसे गेले त्या व्यवहाराचा क्रमांक लागेल. बिरदेव, फोन दे."

काकूंच्या बँक खात्याला नंबर बिरदेवचाच जोडलेला. व्यवहार त्याच्याच मोबाईलवरून झालेला. तो म्हणाला, चार्जिंग संपलंय. काकूंनी हात पुढं केला, तसा लहानपणी त्याच्याकडून गोट्या काढून घ्यायला करत असतील. त्यानं दिला.

काकूंच्या खात्यातून चोवीस हजार ज्या नावावर गेले होते, त्याच नावावरून नऊ मिनिटांनी बिरदेवच्या खात्यात दोन हजार चारशे आले होते.

"काय लिवलंय?" काकूंनी विचारलं.

मी फोन खाली धरला.

"वाच मोठ्यानं."

मी वाचलं. बाहेर वाघरातली, जाळीच्या कुंपणातली मेंढरं ओरडत होती, त्यांना चरायला सोडायची वेळ झाली होती.

"फोटो?" काकूंनी विचारलं.

"गौरीशंकरानंच बनवून दिलता," बिरदेव जमिनीकडं बघत म्हणाला. "म्या कुठं गेलोच न्हाय. मावशे, दुकान टाकायचं व्हतं. मला वाटलं…"

"माझ्याकडं मागितलं असतंस तर न्हाय म्हणले असते व्हय?"

त्याच्या तळहातावर भंडारा तसाच होता. काकूंनी तो बघितला, आणि मग जे त्या बोलल्या, ते मी चार प्रयोग करूनही त्यांना पटवून देऊ शकले नसते.

"ह्यानं आत्ता माझ्या म्होरं खोटा उचलला. जीभ झडली न्हाय, आढं कोसळलं न्हाय. मग म्या खरं बोलल्यावर माझं काय व्हणार? लाव गं फोन."

मी १९३० लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, पैसे घेणाऱ्याचं नाव, सगळं काकूंनी माझ्याकडून ऐकून स्वतः सांगितलं. मग बँकेत लेखी अर्ज, मग पोलीस ठाणं. पैसे जाऊन वीस तास झाले होते. तोवर निम्म्याहून जास्त पुढच्या खात्यातून काढलेही गेले होते. उरलेले साडेअकरा हजार गोठवले गेले, आणि कोर्टाच्या आदेशानं पाच महिन्यांनी परत मिळाले. ज्यांनी शपथेपोटी आठवडाभर तोंड उघडलं नाही, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. गौरीशंकर पुन्हा दिसला नाही, ती घागरही नाही. बिरदेवचा जबाब झाला, त्याच्यावर गुन्हा आहे. काकूंच्या खात्याला आता त्यांचाच नंबर आहे.

मध्ये एकदा फोन आला. "बाई, तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, फक्त तीन हजार फी भरा." काकू म्हणाल्या, "त्यातनंच कापून घ्या की." फोन कट झाला.

तक्रारीनंतरच्या पहिल्याच बाजारी घागरीच्या जागी काकूंनी पाट मांडला. सोडा, भंडारा, लिंबू. मी लिहायचे, त्या शिंपडायच्या. लोक हसले, टोमणेही आले. एकानं विचारलं, "हरणाबाई, पर तो फोटो दावणारा कोण व्हता वो?" सगळ्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"माझ्या बहिणीचा पोरगा," त्या म्हणाल्या. "म्या वाढवलेला. म्हणून सांगते, माणूस आपला हाय का परका, हे बघू नका. बक्षीस द्यायला जो पैसे मागतोय, त्याच्याकडं बक्षीस नसतंय. जो म्हणतोय कुणाला सांगू नका, ते आधी शेजारणीला सांगा. आन् फसला तर लाजू नका, त्याच घडीला फोन लावा. माझं निम्मं लाजण्यात गेलं."

मग त्यांनी पुढच्या कागदावर भंडारा शिंपडला. मेंढरू उमटलं. या वेळी शेपटीसकट.