येळवशीला चुकून शेतात गेलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, तिकडे फार बघू नका. निलंग्याच्या बाजारात वैजनाथ कुंभाराने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच दिवशी विकले. घेणारी बाई होती बसम्मा. तिने आम्हाला टिचक्या मारून पाहिले आणि म्हणाली, "येळवशीला बरे हायत." मी हरखून गेलो. आमच्या भागात येळवशीच्या अमावस्येला अख्खे गाव शेतात जेवते. जोंधळ्याचे पीठ आणि ताक यांची आंबील माठात भरून डोक्यावरून शेतात नेतात. एवढा मान कोणत्या भांड्याला मिळतो?

पण आंबील मिळाली भावाला, आणि माझ्या पोटात आली ओली वाळू. बसम्माच्या अकरा वर्षांच्या अंजूला साखरेचा आजार झाला होता. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हते. रोज सुई घ्यायची, तीही जन्मभर. औषध गार ठेवावे लागे. घरात फ्रीज नव्हता आणि गावात विजेचा भरवसा नव्हता. लातूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी युक्ती सांगितली: माठात ओली वाळू, वाळूत छोटे गाडगे, गाडग्यात औषधाच्या बाटल्या. मी रुसलो. अंजू रोज सकाळी वाळूवर पाणी शिंपडायची आणि म्हणायची, "फुगू नको रे, तूच माझा फ्रीज हायस." असे कुणी लाडाने बोलल्यावर किती दिवस फुगून बसणार?

एकच गोष्ट मला टोचायची. बसम्माने मला धान्याच्या पोत्यांमागे दडवले होते. "पोरीला रोग हाय म्हणून कळलं तर उद्या सोयरीक घेऊन दारात कोण येईल?" असे ती नवऱ्याला, शिवप्पाला, म्हणायची. शेजारची सिंधू ही अंजूची जिवाभावाची मैत्रीण, पण तिलासुद्धा काही सांगितले नव्हते. सुई घ्यायची म्हणजे दार लावून घ्यायचे. खेळ अर्धा टाकून अंजू घरात पळायची आणि बाहेर सिंधू बिचारी हाका मारत राहायची.

मग येळवस आली. भावाला चुन्याचे पट्टे आणि गेरूचे ठिपके काढले होते. अंजूने मला पोत्यांमागून ओढून काढले, "यालाबी सण हाय की!" म्हणत तसेच रंगवले, तोंडावर फडके बांधले आणि वाळायला दाराशी ठेवले. घाई झालेल्या शिवप्पाने दाराशी दिसलेला माठ उचलला आणि डोक्यावर घेतला. तो माठ मी होतो! काय सांगू मित्रांनो, हरभऱ्याच्या बांधाबांधाने मी राजासारखा गेलो.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. पालेभाज्या आणि शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढून झाले. पाहुणे पेले धरून बसले. शिवप्पाने फडके सोडले, आणि आत वाळू! वाळूत गाडगे, गाडग्यात दोन बाटल्या. शेजारच्या रानातले शेषेराव वाकून म्हणाले, "हे काय हो, आप्पा?"

बसम्माचा चेहरा पांढराफटक पडला. शिवप्पा फडके पुन्हा बांधू लागला. मी तर भीतीने आणखीच गार झालो. आता माझ्या पोरीला सगळे टाळतील, असे मला वाटले.

तेवढ्यात अंजू खदखदून हसली. "आप्पा, आंबील तर घरीच ऱ्हायली. आता समद्यांला एकेक सुई टोचू का?"

सगळे शेत हसू लागले. अंजूने जवळच्या पिशवीतून सुई काढली, सर्वांसमोर भरली आणि पोटाला टोचून घेतली. "झालं. आता मला लगेच खावं लागतंय. आणा उंडा!" सिंधूने आपल्या ताटातला उंडा तिच्या हातावर ठेवला आणि पाठीत एक धपाटाही घातला. "एवढ्यासाठी दार लावून बसायचीस व्हय गं? मला वाटलं, मी नको झाले तुला." शेषेराव एकाला मागे बसवून मोटारसायकलवर गावात गेले आणि त्याच्या मांडीवर आंबिलीने भरलेल्या माझ्या भावाला घेऊन आले. त्या रात्रीपासून बसम्माने मला खिडकीत, सर्वांना दिसेल असे ठेवले. तो घोटाळा होता की अंजूचा डाव, हे मला ठाऊक आहे. पण मैत्रिणीची चुगली मी करणार नाही.

पुढे अंजू एसटीत कंडक्टर झाली. फाट्यावर गाडी थांबली की प्रवाशांदेखत सुई घ्यायची. घरी फ्रीज आला, तरी दर येळवशीला बाटल्या माझ्यातूनच शेतात जायच्या. असे वीस वर्षे चालले. गेल्या वर्षी तिचे मूत्रपिंड थकले आणि ती गेली. मला तिची फार आठवण येते.

यंदा सिंधूने माझी वाळू काढली, मला धुऊन रंगवले आणि माझ्यात काठोकाठ आंबील भरली. जन्मभर जिचा हट्ट धरला, ती पोटात आली. पण दोन बाटल्या परत मिळाल्या असत्या तर मी ती तिथेच ओतून दिली असती. शेतात सिंधूने फडके सोडले, आत डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, यंदा आंबीलच हाय! मग सुई कुणाला टोचू?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसली बसम्मा, पदराने डोळे पुसत पुसत.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरात कुणाचे औषध असेल तर ते जपा, पण माणसाला पोत्यांमागे दडवू नका. त्याला सणाला सोबत न्या, त्याच्या ताटाशेजारी बसा. आमची अंजू दाराआडच राहिली असती, तर या शेताला इतके हसायला कुणी शिकवले असते?