बारा जणींची नावं

कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या देशभगिनी मंडळाला यंदा टाळं लागणार होतं. सभासद उरल्या होत्या चौघी, त्यातल्या दोघींना जिना चढवत नव्हता. बावीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या शीलाताईंच्या गळ्यात मंडळाचा इतिहास लिहायचं काम पडलं. शनिवारी शेवटच्या सभेत तो वाचायचा आणि म्युझियमला देऊन टाकायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बारा गोऱ्या बायकांनी मंडळ काढलं, सैनिकांसाठी पोत्यांनी पायमोजे विणले, सगळं वह्यांत तारीखवार होतं. लेक यामिनी टाईप करता करता थांबली.

"आई, मिसेस जॉर्ज, मिसेस टॉमस... यांची स्वतःची नेम्स कुठायत?"

शीलाताईंनी वह्या पालथ्या घातल्या. कुठ्ठे नव्हती. राबल्या बायका आणि कागदावर उरले नवरे! त्यांना चांगलाच राग आला. पण शेवटच्या वह्या तर त्यांच्याच अक्षरातल्या, आणि तिथे दर पानावर ऐटीत लिहिलेलं, 'मिसेस विलास देव'. राग मुकाट्याने गिळावा लागला.

काय करणार बिचाऱ्या? सासरी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. इथे ते दर महिन्याला वहीत लिहायला मिळे, त्याचं केवढं अप्रूप वाटायचं. विलासराव जाऊन आता तीन वर्षं झाली होती. आपल्या सहीतून ते नाव काढून टाकायचं म्हणजे जिवावर येत होतं. पण बारा जणी बिननावाच्या म्युझियममध्ये जाणं त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सिंग होममध्ये मिसेस कार यांच्याकडे गेल्या. म्हातारी नव्व्याण्णव वर्षांची, पंधराव्या वर्षापासून आईबरोबर मंडळात येणारी. शीलाताईंच्या पहिल्या विंटरमध्ये पायमोज्याची टाच विणायला तिनेच शिकवलं होतं.

"मिसेस जॉर्ज यांचं नाव काय हो?"

"मिसेस जॉर्ज," म्हातारी म्हणाली.

अर्धा तास डोकेफोड झाली. शेवटी शीलाताईंनी कंटाळून पिशवीतलं विणकाम काढलं. टाच नेहमीसारखी बिघडलेली. म्हातारीने ती हातातून ओढूनच घेतली.

"अगदी एडिथसारखी घट्ट. जॉर्जची एडिथ." सुया चालू लागल्या. "फ्लोरा टाके गाळायची. आई ते गुपचूप उचलायची, फ्लोराला वाईट वाटू नये म्हणून."

शीलाताई लिहीत सुटल्या. टाच वळेपर्यंत अकरा नावं झाली.

"आणि आईचं?"

म्हातारीचे हात थांबले. "मॉड," ती हळूच म्हणाली. "किती वर्षांनी म्हटलं मी हे." मग तिने कागदाकडे बोट केलं. "तुझं लिहिलंस का, शीला?"

शीलाताईंनी तिचा हात धरून ठेवला.

शनिवारी त्यांनी इतिहास वाचला. बारा नावं सावकाश, एकेक. सर्वांत शेवटी, "सेक्रेटरी, शीला देव." एवढं म्हणून त्या अडल्या. कागद खाली ठेवला आणि त्या गोऱ्या बायकांसमोर खुशाल मराठीत म्हणाल्या,

"बारा जणींचं नाव लिहिलं, एकही नाही गाळलं,
विलासरावांचं नाव मी उखाण्यात सांभाळलं."

हॉलमध्ये मराठी कळणारी एकटी यामिनी. तिने डोळे पुसले आणि पहिली टाळी वाजवली.