खिडकीसमोरचा कारखाना

“दोरी ताठ धर गो. सैल सोडलीस तर भिंत वाकडी येल.”

“ताठच धरलंय. तुमचाच हात हलतोय,” सगुणा म्हणाली.

भिकाजी मेस्त्रीने पाहिलं, तर खरंच त्याचाच हात हलत होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाचा हात हलतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सुताराला ते कबूल करवत नाही. त्याने खुंटी ठोकली, दोरीला गाठ मारली आणि मागे सरून कातळावर पडलेल्या त्या चौकोनाकडे बघत राहिला. बारा फूट बाय अठरा फूट. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांत कपाटं बसवली, आता हा चौकोन त्याचा स्वतःचा होता.

रत्नागिरीजवळ, भाट्याच्या पुढे, सड्यावरच्या म्हणजे कातळाच्या माळावरच्या वाडीत त्याचं घर. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ती एकतीसही वर्षं भिकाजीने मुंबईत फर्निचरची कामं करण्यात घालवली होती. गणपतीला यायचं, शिमग्याला यायचं, मे महिन्यात जमलं तर आठ दिवस आंबे उतरवायला यायचं. सगुणा एकदा मुलीला म्हणाली होती, “माझा संसार सगळा मिळून तीन वर्षांचा नसंल.” ती हसत म्हणाली होती, पण मृणालीला काही हसू आलं नाही.

या मार्गशीर्षात भिकाजी बिऱ्हाड आवरून कायमचा आला. कायमचा म्हणजे, घरी कारखाना चालला तर. ते त्याने आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. “चालला तर ऱ्हातो. नाय चालला तर परत मुंबई. बसून खायची सवय नाय मला.”

सगुणाने ते वाक्य पक्कं ध्यानात ठेवलं.

शेड घराच्या मागे, आंब्याखाली घालायची असं त्याच्या मनात होतं. सगुणा नको म्हणाली. “हितं स्वयंपाकघरापुढं घाला की. खिडकीतनं दिसाल.”

“ह्या वयात काय बघायचंय गो?”

“तरण्या वयात बघायला व्हतात कुठं?”

 शेड खिडकीसमोर ठरली, रुंद दार खिडकीच्या बाजूला.

चिऱ्याचं काम करायला चुलतभाऊ दादू आला. दादू गवंडी, बोलायला फटकळ. पहिला थर लागला आणि त्याने थापी खाली ठेवली. “भिकादादा, पश्चिमेची बाजू उघडी नको ठेवूस. समुद्राचा वारा सगळा भुसा उचलून घरात टाकील. वयनीला आधीच दम्याची खोड.”

ते खरं होतं. तीस वर्षं चुलीपुढे बसून सगुणाच्या छातीत दमा बसला होता. थंडीत खोकायची, डॉक्टरने दिलेला पंप ओढायची, कामाला लागायची. पण भिकाजीला आठ फुटी फळी फिरवायला एक बाजू मोकळी हवी होती, आणि उजेडही हवा होता. त्याने चिऱ्याची चिमूटभर लाल भुकटी उचलली आणि हवेत सोडली. भुकटी समुद्राकडे गेली.

“बघितलंस? वारा घरावरनं समुद्राकडं जातो. उलटा नाय.”

“हा सकाळचा वारा झाला. दुपारचा बघ.”

“मला वारा शिकवतोस? भुशात जन्म काढलाय मी.”

त्याने जन्म भुशात काढला होता हे खोटं नव्हतं. पण तो बंद खोल्यांत, पंख्याखाली. किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं, की वारा सकाळी जमिनीवरून सुटतो आणि दुपारी उलटून समुद्रावरून येतो. लहानपणी भिकाजीलाही ते ठाऊक होतं. एकतीस वर्षांत गाव त्याच्यातून किती निघून गेलं होतं, हे त्याचं त्याला कळलं नाही. दादूने तोंडात तंबाखू टाकली आणि पुढचा थर लावायला घेतला. भावाला दोनदा सांगायची त्याच्यात पद्धत नव्हती.

कारखाना उभा राहायला महिना लागला. फणसाच्या जुन्या खांडाचं मोठं टेबल केलं, दोन माणसांना हलणार नाही असं. पटाश्या मापाने भिंतीवर टांगल्या, रंधे फळीवर ओळीत मांडले. लाकूड तासायचा बापाचा वाकस, ज्याचा दांडा तीनदा बदलला होता, तो दारावर लावला. मुंबईहून येताना आणलेली कापायची मशीन खिडकीच्या बरोबर समोर बसवली. मशीन पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी सगुणाने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दोन्ही हात जोडून इतका वेळ उभी राहिली, की भिकाजी म्हणाला, “देव हाय काय ती? मशीन हाय.”

“तुमाला हितं ठेवणारी हाय,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात भिकाजीने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जुन्या झडपाही दुरुस्त केल्या. घट्ट बसवल्या, कुठे सूतभर फट नाही. पण त्या कधी लागल्याच नाहीत. सगुणाने त्या ठेंगण्या खिडकीशी पाट मांडला. भाजी निवडायची ती तिथे, तांदूळ पाखडायचे ते तिथे, आणि काही काम नसलं की कोपरं खिडकीत टेकून नुसतीच बसायची.

शिमग्याआधी मोठं काम आलं. समुद्रालगत कुणी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या, त्यांची कपाटं आणि पलंग. सगळं प्लाय आणि एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्या. लाकडाचा भुसा जमिनीवर पडतो, झाडला की संपला. या फळ्यांची धूळ पिठापेक्षा बारीक, हवेत तरंगत राहते. भिकाजी नाकाला रुमाल बांधायचा. घरात पाण्याच्या हंड्यांवर झाकणं आली, भाताच्या टोपावर फडकं आलं. हे माश्यांसाठी असेल असं त्याला वाटलं. मशीनवर असताना तो मान वर करत नसे. नजर हलली तर बोट जातं, हे त्याने दोघा-तिघांचं जाताना पाहिलं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी लाइट गेली.

मशीन घुमत घुमत थांबली, आणि घरातून खोकला ऐकू आला. साधा नव्हे. आतड्यातून ओढून काढल्यासारखा, एकामागून एक, आणि मधे श्वास घेतानाची शिट्टी. मग तो एकदम दाबला गेला. तोंडात कुणी पदर कोंबावा तसा.

भिकाजी जागच्या जागी उभा राहिला. मग धावत आत गेला. सगुणा पाटावर ओणवी झाली होती, पदर दातांत धरून. डोळे लाल, ओठ काळपट.

“किती दिवस चाललंय ह्यां?”

ती हाताने ‘थांबा’ म्हणाली. बोलता यायला तिला बराच वेळ लागला. “शिमग्यापासनं.”

“मला ऐकू नाय आलं कदी.”

“मशीन सुरू झाली की खोकून घेत व्हते,” सगुणा म्हणाली. “बंद झाली की दाबून धरायचं. आज लाइटीनं दगा दिला.”

हे ती हसून म्हणाली.  महिनाभर भिकाजी मशीन चालवत होता, आणि ही बाई त्या आवाजाची वाट बघत होती, खोकण्यासाठी. त्याने आजूबाजूला पाहिलं. फडताळावर, डब्यांवर, तिच्या केसांत, सगळीकडे ती पिवळी धूळ. उघड्या खिडकीतून समुद्राचा वारा सरळ आत येत होता आणि त्याच्या कारखान्यातून जाऊनच येत होता.

“खिडकी तरी लावायचीस.”

“लावली तर तुमी दिसणार कसं?”

“आणि सांगायला काय झालं व्हतं तुला?”

“सांगितलं असतं तर बंद केला असतात कारखाना. आणि ग्येला असतात मुंबईला.” ती थांबत थांबत बोलत होती. “एवढं काय नाय वो. औषध घेतलं की बसतं.”

भिकाजीने त्याच संध्याकाळी दादूला गाठलं. पश्चिमेची बाजू बंद करायची, मशीन आंब्याखाली न्यायची. दादू एका शब्दानेही ‘सांगितलं व्हतं’ म्हणाला नाही. सोमवारी येतो म्हणाला. सगुणाला लांज्याला मृणालीकडे चार दिवस जा म्हटलं, तर म्हणे, “तुमचं काम होऊ दे. दोगं जाऊ.” काम तीन दिवसांचं उरलं होतं. पुरं करा, पुरं करा, असं तीच म्हणत राहिली. अर्धवट राहिलं तर पुढची कामं येणार नाहीत, हे तिलाही कळत होतं. भिकाजीने ठरवलं, मशीन सकाळीच चालवायची. दुपारी वारा उलटायच्या आत बंद. खिडकी तेवढी सगुणाने लावू दिली नाही.

दोन दिवस त्याने ते पाळलं. माडाच्या झावळ्यांवर एक डोळा ठेवून काम केलं, झावळ्या वळायला लागल्या की बटण बंद. तिसऱ्या दिवशी कपाटाच्या शेवटच्या दोन झडपा राहिल्या होत्या. झावळ्या वळल्या. त्याने पाहिलं, आणि मनाशी म्हणाला, अर्धा तास. एवढ्यासाठी उद्यावर कशाला ढकलायचं? त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

काम संपलं. त्याने मशीन बंद केली आणि कान दिला. खोकला ऐकू आला नाही. त्याला बरं वाटलं. अंगावरचा भुसा झटकून, हातपाय धुऊन, तोंडावर पाणी मारून तो सावकाश आत गेला.

सगुणा पाटावरच होती, डोकं खिडकीच्या कडेला टेकलेलं. तिला खोकायचीही ताकद उरली नव्हती. पंप हातात होता, रिकामा.

दादूने आणलेल्या रिक्षातून भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत न्यायला पाऊण तास लागला. डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते. आधीपासून दमा? चुलीचा धूर? घरात धुळीचा काही संबंध?

“मी सुतार आहे,” भिकाजी म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.  रागावले असते तर बरं झालं असतं, असं भिकाजीला नंतर कितीतरी वेळा वाटलं.

सहा दिवस ती नळ्यांत होती. पाचव्या दिवशी तोंडावरचं काढलं तेव्हा म्हणाली, “कपाटं ग्येली काय?”

“ग्येली.”

“आवडली त्येंना?”

“आवडली.” कपाटं अजून शेडमध्येच होती. जन्मात त्याने तिला एवढं सफाईने खोटं सांगितलं नव्हतं. सगुणाने समाधानाने डोळे मिटले. सातव्या दिवशी सकाळी गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मृणाली घर पुसायला निघाली. फडताळ झालं, डबे झाले. ओलं फडकं घेऊन ती खिडकीशी आली. “बाबा, हितं केवढा थर बसलाय बघा. खाऱ्या हवेनं चिकटून गेलाय नुसता.”

ओटीवर बसलेला भिकाजी आत आला. चिऱ्याच्या जाड भिंतीतली ती खिडकी, हातभर खोल. सगळीभर पिवळा थर. आणि मधोमध दोन ठिकाणी काहीच नाही. दोन वाटोळे ठिपके, स्वच्छ, रुपयाहून थोडे मोठे. एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

कोपरांचे.

तो खाली पाटावर बसला. कोपरं टेकली नाहीत, नुसता त्या जागेवरून समोर बघू लागला. शेड दिसत होती, भिंतीवरच्या पटाश्या दिसत होत्या, मशीन दिसत होती आणि मशीनपुढे त्याची उभं राहायची जागा. तिथे उभा असताना आपण एकदाही मान वर केली नाही, हे त्याला आठवलं. बोट जाऊ नये म्हणून.

“बाबा, उठा. पुसून घेते,” मृणाली म्हणाली.

“नको.”

“माणसं येतील उद्या. वंगाळ दिसतं.”

“दिसू दे. ह्याला हात लावू नको.”

मृणालीने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं.  फडकं पिळून मागच्या दाराने बाहेर गेली.

बाहेर माडाच्या झावळ्या वळायला लागल्या होत्या. पहिली झुळूक आत आली आणि खिडकीच्या कडेची थोडी सुटी धूळ हलली. भिकाजी उठला, हात लांब करून दोन्ही झडपा आत ओढल्या. त्या अलगद, घट्ट बसल्या. त्याने कडी घातली.